घरची हाक

लक्षणं लवकर ओळखा, हे सांगायला एकदा आमच्याकडे शहरातून एक बाई आल्या होत्या. वनरक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुपारचं जेवण नुकतंच झालेलं, पंखे नावाला फिरत होते, आणि त्या पडद्यावर तराजूचं चित्र दाखवून बोलत होत्या. एका पारड्यात काम, एका पारड्यात घर. तोल जायच्या आधी शरीर सांगतं, मन सांगतं, घरातली माणसं सांगतात, आपण फक्त वेळेवर लक्ष द्यायला हवं. चांगल्या बोलत होत्या, मनापासून बोलत होत्या. माझंच डोकं सणकलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे माहेरी, सासरी आणि खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मॅडम, लक्षणं मी ओळखली. सगळी ओळखली. लवकर ओळखली. आता पुढं काय करू तेवढं सांगा."

हॉल हसला. मागच्या रांगेतल्या एका भाऊनं टेबल वाजवलं. बाईपण हसल्या, "छान प्रश्न आहे," म्हणाल्या आणि पुढचं चित्र लावलं. त्यात एक कुटुंब बागेत बसून टरबूज खात होतं.

मी खाली बसले. राग त्या बाईंचा नव्हता. राग नेमका कोणाचा आहे हेच कळत नाही, म्हणून तो जातही नाही. रडू येईल असं वाटलं, तेव्हा पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिले.

आमच्या घराच्या तीन चुली आहेत. 'होत्या' असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावाला लागून खात्याच्या क्वार्टरमध्ये राहते. नवरा एसटीत ड्रायव्हर, तो गडचिरोलीला भाड्याच्या खोलीत. आणि आमची एकुलती एक पोरगी पोंभुर्ण्याच्या बाजूला, माझ्या आईजवळ. एका चुलीवर भात शिजतो तेव्हा दुसऱ्या चुलीवर काय शिजलं हे फोन लागला तर कळतं. माझ्या क्वार्टरमध्ये फोन लागत नाही. तलावाच्या पाळीवर एक ठरावीक जागा आहे, तिथं उभं राहून तोंड उत्तरेकडे केलं की लागतो.

लोकांना वाटतं, आम्ही असं ठरवून केलं. अहो, असं कोणी ठरवतं काय? भरतीची जाहिरात आली तेव्हा पोरगी दीडेक वर्षाची होती. मी पहाटे गावच्या शाळेच्या मैदानावर पळायची, आई तिला कडेवर घेऊन कडेला उभी राहायची आणि पोरगी मला बघून टाळ्या पिटायची. निवड झाली तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं. बाप आधीच गेलेला. आईनं धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, दोन शेळ्या आणि मोहफुलं यांच्यावर आम्हाला वाढवलेलं. त्या दिवशी ती पदरानं डोळे पुसत होती आणि मधेच मला दटावत होती, "नीट उभी राय ना वं, फोटो काढून राह्यले थे."

पोरीला सोबत नेलं नाही असंही नाही. पहिल्या वर्षी आई आणि पोरगी दोघी माझ्याकडे राहायला आल्या. मी सकाळी बीटावर जायची, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात फिरायला, ती दिवस मावळताना परत. पावसाळा लागला आणि पोरीला थंडी वाजून ताप आला. आमच्याकडे हिवताप कोणाला नवा नाही, पण माझ्या मांडीवर ती अशी गळून पडली होती की तिच्या हाताची बोटं मी उघडली की तशीच उघडी राहायची. गोळ्या लागू पडल्या, ताप उतरला. आईनं तिचे कपडे पिशवीत भरले. "मी इले घेऊन जातो," म्हणाली. "इथी नाई जगत माही नात." मी काय बोलणार होते? त्यांना गाडीत बसवून दिलं. पोरगी खिडकीतून हात हलवत होती, फार खुशीत होती, गाडीत बसायला मिळालं म्हणून.

पहिलं लक्षण मला माहेरीच दिसलं. सुट्टीवर गेले होते. सकाळी दात घासले आणि ब्रश धुऊन परत पिशवीत ठेवला. मोरीजवळ डबा आहे, त्यात आईचा ब्रश, पोरीचा लाल ब्रश, आणि मी माझा पिशवीत ठेवून चेन लावली. चेनचा आवाज झाला आणि मी तिथंच थांबले. म्हटलं, अगं बाई, तू पाहुणी झालीस. ब्रश काढून डब्यात ठेवला. जायच्या दिवशी तो विसरून आले, मग आलापल्लीला नवा घेतला.

दुसरं लक्षण आईला दिसलं. त्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात जंगलात गेलं की कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. प्रत्येक घराची आपली एक हाक असते. आमच्या घरची म्हणजे 'कूऽऽ' अशी वर चढत जाणारी आणि शेवटी आखूड, खाली पडणारं 'हो'. शेजारच्या घरची मधेच दोनदा तुटते. मोह वेचताना, सरपणाला जाताना बायका पांगतात, एकमेकींना दिसत नाहीत. मग आपल्या घरची हाक आली की 'ओ' द्यायची, दुसऱ्या कोणाची आली तर गप्प राहायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, भूत आवाज देते काय म्हणून? आई भडकली होती. "भूतगीत काई नसते. नाव त साऱ्या गावाले माहीत असते, नाव घेऊन कोणीबी बोलवंल. घरची हाक घरच्याईलेच माहीत. दुसऱ्याच्या आवाजावर गेली का दिशा चुकली समज." आता आमच्या बाजूला वाघ वाढल्यापासून तर ती रीत आणखी घट्ट झाली आहे.

आमच्या खात्यातली हाक वेगळी. दोन्ही हात तोंडाशी धरून सरळ, सपाट, लांब 'होऽऽऽ'. वणव्याच्या दिवसांत मजुरांना घेऊन जाळरेषा साफ करायला जावं लागतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा झाडून पट्टा मोकळा ठेवायचा. माणसं पांगलेली असतात, धुरात कोण कुठं आहे दिसत नाही. तेव्हा ही हाक लागते. दिवसातून किती वेळा लागते याला गणती नाही.

तर त्या सुट्टीत आई बांधीत होती आणि मी घराच्या मागून तिला जेवायला बोलावलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "काऊन वं, जंगलखात्याची हाक घरी मारतं काय? मी का तुही मजूर होय?" शेजारच्या बांधीतल्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले. पण मी 'होऽऽऽ' केलं हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

मग पोरीची बोली. ती आणि आई मिळून बोलत होत्या आणि पोरगी सारखी म्हणत होती, तिला 'झुमी' पाहिजे. मी विचारलं, झुमी म्हणजे काय गं बेटा? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही येत नाही या बाईला! आईनं समजावून सांगितलं, तिच्या फाटक्या गोधडीला ती झुमी म्हणते. झोपताना ती नाकाशी धरते. माझ्या पोरीची बोली मला दुसऱ्याकडून समजून घ्यावी लागली. दुसरी म्हणजे माझीच आई, तरीपण.

हे सगळं पहिल्या दीड-दोन वर्षांतलं. मी काही आंधळी नव्हते. आणि गप्पही बसले नाही, गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

नवऱ्याला सांगितलं. त्याची गाडी कधी कधी आलापल्लीपर्यंत येते. तसा त्याचा निरोप आला की मी कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून बसस्टँडला जाते. गाडी जितका वेळ थांबते तितकाच आमचा संसार. मी डबा नेते, तो चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसून खातो, मी त्याचं तोंड बघत बसते. पण बोलतो काय? गाडी वेळेवर आली काय? तू कशी आली? आता जाशीन कशी? रस्ता कुठं खचला? ट्रकांनी त्या रस्त्याचं पार वाटोळं केलं आहे, त्यावर तर आम्ही तासभर बोलू शकतो. एकदा त्याच्या तोंडात घास असतानाच मी म्हटलं, "अजी, एक सांगू काय?"

"सांग ना."

"आपलं हातचं जाऊन राह्यलं."

काय जाऊन राह्यलं, हे त्यानं विचारलं नाही. घास गिळला, पाणी प्यायला. "दिसते मले," म्हणाला. "समोरून गाडी अंगावर येऊन राह्यली हे दिसते, अन् बाजूले घ्याले रस्ताच नाई, तसं झालं."

"मंग काय करायचं?"

"तूच सांग. तू म्हणशीन तसं करतो."

त्यानं खरंच केलं असतं. तसा माणूस आहे तो. पण मी काय म्हणणार? त्यानं नोकरी सोडून माझ्या क्वार्टरमध्ये येऊन बसावं? पोरीला त्याच्या खोलीवर ठेवावं, आणि तो मुक्कामी गाडी घेऊन गेला की कुलूप लावावं? कंडक्टरनं बेल मारली. त्यानं घाईघाईनं डबा धुतला, माझ्या हातात दिला, आणि चढताना म्हणाला, "तिले फोन करशीन त मायं नाव सांगजो." मी मान हलवली. गाडी वळली तेव्हा त्यानं हॉर्न दिला. स्टँडवरच्या कुत्र्यापलीकडे कोणी वळून पाहिलं नाही.

साहेबांना सांगितलं. बदलीचा अर्ज दिला. साहेब चांगला माणूस, अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मले समजते. माही बायको नागपूरले, पोरगा हॉस्टेलले. मी कोणाले सांगू?" अर्ज त्यांनी वर पाठवला. वर गेलेले अर्ज वरच राहतात, त्यात त्यांचा काय दोष?

नात्यातल्या एका मामानं सल्ला दिला, एवढंच आहे तर सोडून दे नोकरी. मी म्हटलं, "तुम्ही सोडा ना मामा तुमची. मी पेढे वाटते." मामा चिडले ते अजून चिडलेलेच आहेत.

म्हणून म्हणते, समजणाऱ्या माणसांची कमी नव्हती. नवऱ्याला समजत होतं, साहेबांना समजत होतं, आईला तर माझ्या आधी समजलं होतं. एक पोरगी सोडली तर सगळ्यांना समजत होतं. ती मजेत होती. तिला आजी होती, शेळ्या होत्या, झुमी होती. जयंतीला ती पांढरा फ्रॉक घालून मिरवणुकीत नाचली, त्याचा व्हिडिओ मी तलावाच्या पाळीवर उभी राहून पाहिला, अर्ध्यात अडकला तरी पुन्हा पुन्हा लावला. फोनवर ती थोडा वेळ बोलायची, मग फोन शेळीच्या तोंडाशी धरायची, मग विचारायची, "आता बंद करू?" मी म्हणायची, "कर."

मोहाच्या दिवसांत मी नोकरी लागल्यापासून कधी घरी गेले नव्हते. मोह पडतो तेव्हाच जंगल पेटतं, आणि जंगल पेटायच्या दिवसांत आम्हाला सुट्टी नाही. लोक मोहाखालचा पाला जाळतात, फूल स्वच्छ दिसावं म्हणून, आणि ती आग पसरत जाते. गावोगाव फिरून आम्ही सांगतो, जाळू नका, झाडा. माझी आईही पूर्वी जाळायची. लेक जंगलखात्यात लागल्यापासून झाडू घेऊन जाते आणि सगळ्यांना ऐकवते, "माह्या पोरीची नोकरी जाईल ना बाप्पा."

या वर्षी मधेच दोन-तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. पाला भिजला, आगीची धास्ती उतरली, आणि साहेबांनी स्वतःहून बोलावून म्हटलं, "बाई, जाऊन या दोन दिवस." मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले होते. आष्टीला गाडी बदलली, गोंडपिपरीला बदलली, संध्याकाळी घरी पोचले. पोरगी अंगणात होती. उंच झाली होती. आधी आईच्या मागे गेली, मग हळूच पुढं येऊन माझ्या पिशवीला हात लावला. "यात काय हाय?" तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्या घालून ती गल्लीत दाखवायला पळाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघी निघालो. आईची मोहाची दोन झाडं आहेत. एक जंगलाला लागून असलेल्या बांधीच्या कडेला, दुसरं थोडं आत, नाल्याच्या पलीकडे. गावातल्या इतर बायका आपापल्या झाडांकडे पांगल्या. पावसानं बरीच फुलं काळी पडली होती, आई त्यावरून कुरकुरत होती. पोरीकडे तिच्या मापाची टोपली होती, बांगड्या वाजवत ती पुढं चालत होती आणि मला शिकवत होती, "काळं फूल नाई घ्यायचं. आजी रागावते." मी म्हटलं, "हो बाई, नाही घेत." तिला 'बाई' म्हटलेलं फार आवडलं. त्या सकाळी मला वाटलं, सगळं उगाच मनावर घेतलं आपण. पोरं विसरतात तशी ओळखतातही.

आईनं पहिल्या झाडाखाली झाडायला घेतलं. मी म्हटलं, तुम्ही दोघी इथं वेचा, मी पलीकडचं झाड करते. नाल्यात उतरले. ओल्या रेतीत पंजा उमटलेला होता. मोठा, आणि कडा ताज्या. नाल्यातून तो चढून गेला होता आईच्या झाडाच्याच बाजूला.

माझं कामच हे आहे. पंजा बघायचा, मापायचा, फोटो काढायचा, गावाला सावध करायचं. किती पंजे पाहिले असतील, मापले असतील. त्या वेळी माप नाही, फोटो नाही, मी तशीच नाला चढले. पळत झाडाखाली आले. अर्धं झाडलेलं होतं, झाडू पडलेला होता, पोरीची टोपली होती. आई नव्हती. पोरगी नव्हती.

मी हाक मारली. दोन्ही हात तोंडाशी गेले आणि तोंडातून निघालं, "होऽऽऽ!"

काही नाही. मोहाची फुलं तेवढी टपटप पडत होती.

पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. मग मी पोरीचं नाव घेऊन ओरडले. जंगलात कोणी घेत नाही तसं, चार वेळा, पाच वेळा, घसा फाटेस्तोवर घेतलं. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्या बीटात अशा वेळी काय करायचं ते मी लोकांना सांगते. थांबा, आवाज करा, एकटं पुढं जाऊ नका. मी तिथं नुसती गोल गोल फिरत होते आणि मोठ्यानं रडत होते.

तेवढ्यात मागच्या बाजूनं, बायकांच्या झाडांकडून, आईची हाक आली. "कूऽऽ-हो!"

आणि माझ्यापासून दहा-बारा हातांवर, मोहाच्या पलीकडच्या वारुळामागून, बारीक आवाजात लगेच आली, "ओऽऽ!"

पोरगी उठून उभी राहिली. दोन्ही हातांच्या बांगड्या तिनं वर सरकवून घट्ट दाबून धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. ती तिथंच होती, सगळा वेळ. मला ओलांडून ती धावत आईकडे गेली आणि तिच्या लुगड्याला बिलगली.

"आजी, कोणीतरी नाव घेऊन बोलवून राह्यलं होतं. लय वेळ. मी ओ नाई देल्ली!"

आई पोरीला वारुळाशी बसवून शेजारच्या बायकांकडे फडकं मागायला गेली होती, माझं ओरडणं ऐकून धावत आली होती. तिला दम लागला होता. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शायनी माही बाई," म्हणाली. सवयीनं म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"अवं, तुही मायच होती ना थे," ती पोरीला म्हणाली. "मायचा आवाज नाई वळखला?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच समजत नव्हतं की तिचं काय चुकलं. "आईचा आवाज त बारीक असते," ती म्हणाली. "फोनमधला."

तिचं काही चुकलंच नव्हतं. तिला जसं शिकवलं तसंच, कोणी मोठं माणूस वागलं नसतं इतकं नीट ती वागली होती. वाघ खरंच जवळ असता तर त्याच शहाणपणानं ती वाचली असती. मी गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "बरोबर केलंस बेटा. अशीच गप्प राहत जा." तिचा चेहरा खुलला. मला कुशीत घ्यावीशी वाटली, पण ती आजीचा पदर सोडत नव्हती, आणि ओढून घ्यायचा धीर मला झाला नाही.

मग मला पंजा आठवला. आईला सांगितलं, बायकांना गोळा केलं, तिकडच्या वनरक्षकाला फोन लावला, सगळ्यांना सोबत घेऊन गावात आणलं. माझी नोकरी मी चोख केली. वाटेत आई हळूच म्हणाली, "घरची हाक काऊन नाई देल्ली वं तू? विसरली काय?" तेव्हा मी तिथंच चालता चालता देऊन पाहिली. 'कूऽऽ' वर चढला, पण शेवटचं 'हो' लांबलं, सपाट झालं. पोरगी हसली. "असी नाई," म्हणाली आणि करून दाखवली. मी पुन्हा केली. तिनं मान हलवली, नाही. घर येईपर्यंत मी करत होते आणि ती मान हलवत होती. शेवटी कंटाळली आणि शेळ्यांकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघाले. ब्रश पिशवीत ठेवला, चेन लावली. या वेळी काढून डब्यात ठेवायचं नाटक केलं नाही. आई स्टॉपवर आली होती. गाडी येईपर्यंत माझा हात धरून उभी होती. पोरगी शाळेत होती.

परत आले तोवर इकडे ऊन कडक झालं होतं, पाला पुन्हा वाळला होता. तिसऱ्याच दिवशी टेकडीमागून धूर दिसला. मजुरांना घेऊन मी वर गेले, माणसं धुरात पांगली. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक दिली. एक वरून, एक नाल्यातून, एक पार पलीकडच्या बांबूतून, चारी बाजूंनी लगेच ओ आली. तिथं माझी हाक कोणी चुकत नाही.